देणं

आमच्या आजीचा एक नेम होता. दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही. सकाळचा वासुदेव असो, वाट चुकलेला धनगर असो, नाही तर दिवेलागणीला येणारा येसकर असो. घरात पीठ कमी असलं तर ती आपल्या वाटची भाकरी मोडायची आणि अर्धी पुढं करायची. "दारातनं कुनी इन्मुख गेला तर घराची बरकत त्येच्यासंगं जाती," असं ती म्हणायची. माझ्यावर झालेला पहिला संस्कार कोणता, असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन.

आमचं गाव माण तालुक्यातलं. पाऊस आला तर आला, नाही तर नाही, असा मुलूख. माणगंगा नावाला नदी. वर्षातले बरेच महिने तिच्यात वाळूच. अशा गावात भाकरी देणं ही साधी गोष्ट नव्हती. त्यामुळं आजीचा मला फार अभिमान वाटायचा, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतो. तरीही हा लेख मी त्या भाकरीबद्दलच लिहितो आहे. कारण त्या भाकरीबरोबर मी आणखी एक गोष्ट शिकलो होतो.

येसकर संध्याकाळी घुंगराची काठी वाजवत यायचा. खांद्यावर घोंगडी, हातात पाटी. आजी भाकरी माझ्या हातात द्यायची आणि सांगायची, "वरनं टाक. हात लागू दिऊ नगंस." मी ओसरीच्या कडेला उभा राहून भाकरी वरून पाटीत टाकायचो. एकदा नेम चुकला, भाकरी घसरायला लागली आणि तिला सावरताना माझी बोटं त्याच्या बोटांना लागली. आजी रागावली नाही. तिनं तांब्यातलं पाणी माझ्यावर शिंपडलं आणि मग मला कुशीत घेतलं.

म्हणजे द्यावं हे मी तिच्याकडून शिकलो आणि शिवू नये हेही तिच्याकडूनच शिकलो. दोन्ही एकाच तोंडानं, एकाच मायेनं सांगितलेलं. दोन्हींचं नाव संस्कार. लहान पोराला त्यातला गहू कुठला आणि खडा कुठला, हे कसं कळावं?

वर मी 'येसकर यायचा' असं लिहिलं. ते माझ्या आजोबांच्या वयाचे होते. मी त्यांना नावानं, एकेरी हाक मारायचो आणि ते मला 'धाकलं मालक' म्हणायचे. सहा वर्षांचं पोर सत्तरीच्या माणसाला "आरं" म्हणतं आणि आजूबाजूला कुणाची मान वर होत नाही, असं ते गाव होतं. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्या सुरात मी ते उच्चारलं, तो सूर अजून कानात आहे. आता मी त्यांना येसकर आजोबा म्हणतो. ते ऐकायला ते नाहीत.

सुगीत खळं लागायचं. जमीन ओली करून चोपायची, शेणानं सारवायची, मधोमध तिवडा रोवायचा आणि त्याभोवती बैलांची पात फिरवायची. मळणी झाली की वाऱ्याची वाट बघत बसायचं. वारा सुटला की उफणणी. भूस पलीकडं उडायचं आणि ज्वारीची पिवळसर पांढरी रास अलीकडं वाढत जायची. राशीजवळ कुणी पायताण घालून यायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. पहिली पाटी म्हसवडच्या सिद्धनाथाची. मग बलुतेदार. सुतारानं वर्षभर नांगर-कुळव नीट केलेले असायचे, लोहारानं फाळ शेवटलेले, चांभारानं मोटेची सोंड आणि आमची पायताणं शिवलेली, न्हाव्यानं डोकी भादरलेली, कुंभारानं गाडगी-मडकी दिलेली. ज्याच्या त्याच्या वाट्याची पाटी भरून दिली जायची.

सगळ्यांत शेवटी येसकर आजोबा. त्यांच्या वाट्याला बाजूला ठेवलेल्या चार पेंढ्या आणि रास उचलल्यावर जमिनीला चिकटून राहिलेलं, मातीत मिसळलेलं धान्य. त्याला मातेरं म्हणत. ते मातेरं गोळा करायचे, घरी नेऊन त्यांच्या घरातल्या बाया पाखडायच्या, निवडायच्या, धुवायच्या. आजी खळ्याच्या कडेला उभी राहून म्हणायची, "घिऊन जा, समदं घिऊन जा. आमास्नी काय करायचंय!" तिच्या आवाजात खरोखरच उदारपणा असायचा.

येसकर आजोबा वर्षभर काय करत होते, याचा हिशेब मात्र आमच्या घरात कुणी केला नव्हता. गावकी म्हणून आलेलं काम त्यांच्याकडं होतं. रात्रीचा पहारा, चावडीचे निरोप, शिवेचा वाद निघाला की शिव दाखवायला पुढं, मेलेलं जनावर ओढून न्यायचं, आणि कुणी वारलं की पाहुण्यांच्या गावी सांगावा घेऊन चालत जायचं. आजीची सासू पावसाळ्यात वारली त्या रात्री ते पाच गावं पायी फिरले आणि सकाळी मयतीला पुन्हा हजर होते. आजी ही गोष्ट वारंवार सांगायची. "लई इमानी मानूस," म्हणायची. त्या पाच गावांच्या चालण्याचं मोल काय झालं, हे तिनं कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१९७० सालची गोष्ट असेल. येसकर आजोबांचा मुलगा मुंबईला गिरणीत होता. भीमजयंतीला गावी आला होता. खळं त्या साली उशिरानं उरकत होतं. बापाच्या मागोमाग तो आमच्या खळ्यावर आला. पांढरा सदरा, इस्त्रीची विजार, पायात चपला. चपला त्यानं खळ्याबाहेर काढल्या, हे मला चांगलं आठवतं. बाप मातेरं गोळा करायला वाकला, तसा त्यानं त्यांचा हात धरला आणि आमच्या आजोबांना म्हणाला,

"आप्पा, एक इचारू? ह्ये दान हाय का मजुरी?"

आजोबा म्हणाले, "रीत हाय ती. तुज्या बापाला इचार."

"त्यो तर गप घेतोय. मी तुमास्नी इचारतोय. दान असंल तर आमास्नी नगं. आन मजुरी असंल तर मातेरं का? राशीतली ज्वारी मोजून द्या."

खळ्यावर वारा पडल्यासारखं झालं. कुणी बोलेना. आजोबांच्या हातातली पाटी तशीच राहिली. येसकर आजोबा खाली बघत होते. शेवटी तेच पुटपुटले, "पोरगं ममईला ऱ्हातंय, त्येला काय ठावं," आणि रिकामं पोतं खांद्यावर टाकून निघाले. मातेरं तिथंच पडलं. त्या दिवसानंतर संध्याकाळची घुंगराची काठी आमच्या दारात वाजली नाही.

आजीला ते फार लागलं. कितीतरी दिवस ती म्हणत होती, "आपन काय कमी केलं रं त्येंना? कंदी उपाशी ठिवलं?" तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी तिच्या बाजूनं होतो. गिरणीतल्या त्या माणसाचा मला राग आला होता. आजीला रडवणारा माणूस चांगला कसा असेल?

मग १९७२ आलं. त्या दुष्काळाबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. आमच्यापुरतं सांगायचं तर आभाळ कोरडं, विहिरी कोरड्या, जित्राबं मिळेल त्या भावानं विकलेली, आणि चुलीवर परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी. जिची भाकरी दारातल्या प्रत्येकाला मिळायची ती आमची आजी, साठीला टेकलेली, खडी फोडायला गेली. हजेरीपत्रकावर तिचं नाव चढलं. ज्या रांगेत ती होती, त्याच रांगेत चार माणसं सोडून येसकर आजोबा होते. हातोडी सगळ्यांची एकच, ऊन एकच आणि सुकडीसुद्धा एकाच पातेल्यातली. बोटांना चिंध्या बांधून सगळे खाली मान घालून दगड फोडत होते.

एका पगाराच्या दिवशी आजीच्या ढिगाचं माप कमी धरलं गेलं. मी तिच्याबरोबर होतो. ती म्हणाली, माप परत घ्या. पैसे वाटणारा माणूस वैतागून म्हणाला, "म्हातारे, सरकार फुकट पोसतंय तुम्हाला, ते नशीब समज."

आजीनं दोन्ही हात त्याच्या तोंडासमोर धरले. "फुकाट? ही बोटं बघ. भीक मागाया न्हाई आली मी हितं. ढीग मोज आन मोजून पैकं दे."

माप परत घेतलं गेलं. पैसे मिळाले. पदराच्या गाठीत ते बांधत ती माझ्या पुढं चालत होती आणि रागानं थरथरत होती. येसकर आजोबा रांगेत मागंच उभे होते, त्यांनी हे सगळं ऐकलं असणार. त्यांच्या चेहऱ्याकडं मी बघितलं का, ते आठवत नाही. बघायला हवं होतं. आणि दोन वर्षांपूर्वी खळ्यावर ऐकलेला 'मोजून द्या' हा शब्द आजीच्याच तोंडून निघाला, हे तेव्हा माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. तिच्या आलं का? तिनं कधी सांगितलं नाही. एवढं मात्र सांगायला हवं, की त्या कामावर कितीही तहान लागली तरी ती घरून नेलेल्या चंबूतलंच पाणी प्यायची. सुकडीला तिचा इलाज नव्हता. पाण्याला चंबू होता. माणूस एका जागी बदलतो म्हणून सगळ्या जागी बदलतो असं नाही.

पुढं वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा झाला. १९७७ सालचा कायदा, १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू. ग्रामीण भागातला जो प्रौढ माणूस अंगमेहनतीचं काम मागेल, त्याला ते देणं सरकारवर बंधनकारक झालं. दुष्काळी कामाला आमच्याकडं लोक 'सरकारची मेहेरबानी' म्हणायचे. त्या एका 'हमी' शब्दानं मेहेरबानीचा हक्क झाला. काम तेच, हातोडी तीच. फक्त घेणाऱ्याची मान वर झाली.

त्याच सुमाराला मी साताऱ्याला कॉलेजात होतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी सुरू केलेल्या 'कमवा आणि शिका' या वाटेनं शिकणाऱ्यांपैकी मी एक. शेतात तास भरायचे, तासांचा हिशेब व्हायचा आणि त्यातून जेवणाचे पैसे वळते व्हायचे. जेवायला सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत. पहिल्या दिवशी माझा घास घशात अडकला, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतो. तिथंच एका मित्राच्या कॉटवर मला दया पवारांचं 'बलुतं' सापडलं. १९७८ साली आलेलं पुस्तक. नाव वाचून वाटलं, आपल्या खळ्यावरचाच शब्द. आत बघितलं तर तो शब्द खळ्याच्या दुसऱ्या कडेनं पाहिलेला होता. आम्ही राशीकडून बघत होतो, ते मातेऱ्याकडून. रात्रभर वाचलं. सकाळी पहिली आठवण झाली ती आजीची नव्हे, खळ्याबाहेर काढून ठेवलेल्या त्या चपलांची.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्याबरोबर आहे. आजी चांगली होती की नव्हती?

लोक याची दोन सोपी उत्तरं देतात. एक म्हणजे 'काळच तसा होता'. मला हे पटत नाही. काळ म्हणजे काय फक्त आपल्या घरातली माणसं? महारकी वतनाचा कायदा बदलावा म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं ते १९२८ साली. आजी तेव्हा परकरात असेल. ही वतनं रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. खळ्यावर प्रश्न विचारणारा माणूसही त्याच काळातला होता. काळात दोन्ही आवाज होते. आम्हाला एकच ऐकू आला, कारण दुसरा ऐकला असता तर पाटी भरून द्यावी लागली असती.

दुसरं उत्तर, 'सगळं ढोंग होतं'. हेही पटत नाही. मिलोची भाकरी खातानाही तिनं दारात आलेल्या अनोळखी बाईला अर्धी मोडून दिलेली मी पाहिली आहे. उपाशी राहून कुणी ढोंग करत नाही.

मग खरं काय? मला वाटतं, उत्तर आपल्या भाषेतच आहे. मराठीत 'देणं' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. आपल्या हातातलं दुसऱ्याला देतो तेही देणं, आणि दुसऱ्याचं आपल्याकडं थकलेलं असतं तेही देणं. वाण्याचं देणं, सोसायटीचं देणं. आजीला पहिला अर्थ पाठ होता. दुसरा तिला कुणी शिकवलाच नव्हता. पाच गावांचं चालणं हे तिच्या घराचं देणं होतं. भाकरीनं ती त्यातला तुकडा फेडत होती आणि समजत होती की आपण दान करतोय. ज्याचं थकलंय त्यालाच थोडं देऊन आपण वर पुण्य मोजून घ्यायचं, ही त्या रितीतली खोट होती.

१९८२ चा संप झाला, गिरण्या बसल्या, आणि खळ्यावर बोललेला तो माणूस काही वर्षांनी कायमचा गावी आला. तेव्हाच्या महारवाड्याच्या तोंडाशी आता कमान आहे, वर 'भीमनगर' लिहिलंय. आजी गेल्यावर एका दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्या घरी गेलो. त्यांच्या घरी, असं लिहितो. खळ्यावरच्या त्या दिवसाची माफी मागावी असं मनात होतं. मी सुरुवात केली तसं त्यांनी हातानं थांबवलं.

"माफीचं ऱ्हाऊ द्या. च्या घ्या." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्याला तुमच्या आजीची भाकरी लई आवडायची. मरताना सुदिक तिचं नाव काढलं. मला त्याचाच राग यायचा. भाकरी वाईट असती तर त्यो कवाच भांडला असता. चांगली हुती म्हणूनच त्येला हक मागाया लाज वाटली."

मी चहाचा कप तसाच हातात धरून बसलो. आजीच्या चांगुलपणाचा असाही हिशेब असू शकतो, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. वाईट माणसाशी भांडता येतं. मायेनं दिलेल्या भाकरीशी कसं भांडायचं?

संस्कार, संस्कृती, आपली ओळख, असे मोठे शब्द निघाले की मला पेव आठवतं. जमिनीखालचं धान्य साठवायचं पेव. उघडल्या उघडल्या त्यात कुणी उतरत नाही. आत कोंडलेल्या हवेनं माणूस दगावतो. आधी ते उघडं ठेवायचं, वारं खेळू द्यायचं, कंदील सोडून बघायचा, मग उतरायचं. कडेचं धान्य ओल धरून कुजलेलं असतं, मधलं चांगलं असतं. कडेचं कुजलं म्हणून कुणी सगळं पेव बुजवत नाही, आणि आज्यापणज्यानं भरलं म्हणून कुणी कुजकं दळूनही खात नाही. दारातून कुणी रिकामं जाऊ नये, हे मधलं धान्य. ते मी ठेवलं. फक्त त्याच्या आधी एक ओळ जोडली, की आधी थकलेलं फेडावं, मग दान करावं.

ही गोष्ट गावाकडचीच आहे असंही नाही. माझी मुलगी पुण्यात असते. दर दिवाळीला घरकामाच्या मावशींना ती साडी, मिठाई, मुलांना कपडे देते, मनापासून देते. मागच्या खेपेला मी सहज विचारलं, "त्या आजारी पडल्या तर खाडा धरतेस का?" ती गप्प बसली. पुढच्या महिन्यापासून तिनं खाडा धरणं बंद केलं. साडीच्या वेळी मावशी हसल्या होत्या. त्या दिवशी हसल्या नाहीत म्हणे, फक्त "बरं" म्हणाल्या. मला ते 'बरं' जास्त मोलाचं वाटलं. देणाऱ्याकडं मान वर करून बघावं लागत नाही, तेव्हा माणूस नुसतं 'बरं' म्हणतो.

हे सगळं लिहिताना मला आपण फार शहाणे झालो असं वाटायला लागलं होतं. म्हणून या सुगीतलं सांगून थांबतो.

आता खळं नाही, तिवडा नाही. मळणीयंत्र येतं, दोन तासांत काम उरकतं. या वर्षी पोती भरून झाली, बायांची मजुरी मी मोजून हातात दिली आणि मग राशीतली एकेक पाटी ज्वारी प्रत्येकीपुढं ठेवली. मातेरं नव्हे, वरची. म्हटलं, "मजुरी वेगळी. ही माझ्या आजीची." बाया खूश झाल्या. एक मात्र पाटीला हात लावीना.

"काय झालं, ताई?"

"आजीचं मागनं बगू," ती म्हणाली. "खुरपणीचं दोन दिस ऱ्हायल्यात माजं. त्ये आदी द्या."

मी म्हटलं, सगळं दिलंय. ती म्हणाली, वही बघा. घरी येऊन वही काढली. दोन दिवस खरंच राहिले होते. आषाढातले, तिच्या नावापुढं मीच फुली मारायची विसरलो होतो आणि पैसे द्यायचे विसरलो होतो. सहा महिने तिनं ते मनात धरले होते.

परत शेतात गेलो, पैसे मोजून दिले. तिनं पुन्हा मोजले, चोळीत ठेवले. मग वाकून पाटी उचलली, हातानं वरची ज्वारी सारखी केली आणि डोक्यावर घेत म्हणाली,

"आता द्या तुमच्या आजीची."